मधली एक ओळ

ऑक्टोबर संपत आला की कौन्सिल मला
एक बादली, दोन ब्रश आणि सात तास देते.
साबण नाही, ॲसिड तर नाहीच. नुसतं पाणी,
आणि शेवाळ निघेना तर धीर.

मार्लकोटच्या चौकातला हा दगड
उत्तरेकडून हिरवा पडतो, दक्षिणेकडून काळा.
बसची वाट बघणारी पोरं पायऱ्यांवर चिप्स खातात,
व्हिनेगरचा वास थेट 'एच'पर्यंत चढतो.
मी हाकलत नाही. दगडावरचे बहुतेक त्यांच्याच वयाचे.

आडनावांच्या क्रमानं उतरत जाते मी:
पेटिफर, दोन सख्खे भाऊ, एकाच आठवड्यातले;
प्लमरिज, ज्याच्या 'आर'चा पाय तुटलाय;
मग एक ओळ कोरी;
मग क्वार्टरमेन.

कोरी म्हणजे झिजलेली नव्हे. बोट फिरवून बघा,
छिन्नी तिथे कधी टेकलीच नाही.
बारा अक्षरं मावतील एवढी जागा
पाथरवटानं राखून ठेवली. त्याला वाटलं,
बाई वर्षभरात समजुतीनं घेईल.

बाई म्हणजे केझाया प्रॅटली. गावाचे कपडे धुवायची.
कमिटीचे तिघे दारात, टोप्या हातात,
आणि ती म्हणाली, इनॉक बेपत्ता आहे.
बेपत्ता म्हणजे मेलेला, हे कुठल्या शाळेत शिकवतात?
पाद्री तीनदा जाऊन आला.
तिसऱ्यांदा तिनं त्याचीच कॉलर
इस्त्री करून त्याच्या हातावर ठेवली.

पोस्टानं मात्र विचारलं नाही.
इनॉक तिथे तारा पोचवायचा, सायकलवरून.
त्यांनी पितळी पाटीवर पाच जणांत त्याला बसवला
आणि काउंटरमागे ठोकला.
त्या दिवसापासून केझाया तिकिटासाठी
तीन मैल चालत पलीकडच्या गावी.
लष्कराला पत्रं तर लिहायची होतीच.

आता तिथे कुत्र्यांचं सलून आहे.
पाटी अजून आहे, शाम्पूच्या फळीमागे.
मालकीण म्हणाली, पुसते हो कधीमधी,
हा इनॉक तुमच्यातला का?
नाही. माझ्यातलं कुणीच नाही या गावात,
मी लग्न होऊन ग्रिम्सबीहून आले.

शंभर वर्षं झाली तेव्हा सभेत ठराव आला,
निधी शिल्लक आहे, ओळ भरून टाकावी.
सहा हात वर, सहा खाली.
अध्यक्ष क्वार्टरमेन. त्यांनी चष्मा पुसला,
म्हणाले, माझ्या पणजोबांचा भाऊ त्या जागेखाली आहे,
त्याला आता शेजाराची सवय झाली असेल.
आणि पार्किंगचा विषय घेतला.

कोऱ्या ओळीत शेवाळ धरत नाही,
त्याला खाच लागते.
तरी ब्रश मी तिथूनही नेते, डावीकडून उजवीकडे, सावकाश.
पैसे तासाचे मिळतात,
नावांचे नाही.