खिडकी क्रमांक दोन

आमच्या काउंटीत माणसं कमी, गहू जास्त.
म्हणून एकाच खिडकीवर
कुत्र्याचा बिल्ला, ट्रेलरची कागदपत्रं
आणि लग्नाचा परवाना.
रांग एकच. तीही क्वचित लागते.

मी मार्डेल. बावीस वर्षं इथेच.
पाठ आहे मला सगळं:
दोघांनी समक्ष यायचं. फोटोचं ओळखपत्र.
आधी लग्न झालं असेल तर ते कसं संपलं, त्याचा कागद.
पासष्ट डॉलर, रोख किंवा चेक,
कार्डाचं यंत्र ऑगस्टपासून बंद आहे.
प्रेम आहे का, असं फॉर्म विचारत नाही.
चुलत-मावस भावंडं आहात का, हे मात्र विचारतो.

मार्चात, रस्त्याकडेचा बर्फ काळा पडला होता तेव्हा
दोघं आली.
तो ऑर्लिन स्टेनरुड, अठ्ठ्याहत्तर,
टोपीवर बियाण्याच्या कंपनीचं नाव.
ती व्हर्ना, दोन वर्षांनी लहान,
पर्समध्ये स्वतःचं पेन.
बाकाच्या दोन टोकांना बसून लिहीत राहिली,
परीक्षेत शेजारच्याचं बघू नये तशी.

रकाना अकरा: पूर्वीच्या जोडीदाराचं नाव.
त्याने तिचं लिहिलेलं.
तिने त्याचं.
मी नवे फॉर्म काढायला लागले,
खाडाखोड इथे चालत नाही.
"चुकलेलं नाही," ती म्हणाली. "बारावा वाचा."
मृत्यू की घटस्फोट?
दोघांची खूण एकाच चौकटीत,
एकच तारीख, एकतीस वर्षांपूर्वीची,
याच इमारतीतली, वरच्या मजल्यावरची.

तळघरातून हुकूमनामा आणायला वीस मिनिटं गेली.
खोक्याला उंदरांचा वास.
अर्धं शेत तिला, कम्बाइन त्याला,
पियानो कुणाचा, यावर चार ओळी.
वर आले तर ती विचारत होती,
"विकलास ना शेवटी तो?"
आणि तो टोपीच्या आत बघत होता.

"एकदा पैसे भरलेत आम्ही," तो मला म्हणाला.
"ते त्या लग्नाचे."
"नवरी तीच आहे."
"सवलत नाही, मिस्टर स्टेनरुड."
नोटा मोजताना पाचाची एक खाली पडली.
तो वाकला नाही. ती वाकली,
आणि उठताना खिडकीची कड धरून
हळूच म्हणाली,
सोमवारी फार्गोला त्याची छाती उघडणार आहेत.
दारावर विचारतात, कोण लागता तुम्ही?
काय सांगू मी?

मी म्हणाले, परवाना साठ दिवस चालतो.
विधी झाला की पाच दिवसांत परत पाठवायचा,
दोन साक्षीदारांच्या सह्यांसकट.
मी म्हणाले, उजवा हात वर करा.
त्याचा खांद्याच्या वर जाईना.
किती वर, हे नियमात दिलेलं नाही.

न परतलेल्या परवान्यांची एक फाइल असते.
त्यांच्यासाठी कुणी फोन करत नाही,
मीही नाही.
एप्रिलभर टपाल आलं की
आधी पाकिटांवरची अक्षरं बघायची, एवढंच.

अठ्ठावन्नाव्या दिवशी आलं.
विधीची तारीख मार्चमधलाच रविवार.
ठिकाण: चौथा मजला, खोली चारशे सोळा.
साक्षीदार एक नर्स, आणि जेवणाचे ट्रे गोळा करणारा
अब्दिरहमान, अक्षर अगदी शाळेतलं.
सात आठवडे कागद तिने का ठेवून घेतला
ते तिने लिहिलं नव्हतं.
ऑर्लिनची सही चौकट सोडून समासात गेलेली,
शेवटी नुसती रेघ.
चौकटीबाहेरची सही आम्ही परत पाठवतो.
त्याचं पत्र छापून तयार असतं.

शिक्का मारला. आवाज जरा मोठाच झाला.
खिडकीशी एक पोरगी दचकली,
जॅकेटमध्ये पिल्लू, त्याला बिल्ला हवा होता.
नाव काय याचं?
अजून ठरलं नाही, म्हणाली.
म्हटलं, बस त्या बाकावर. ठरव.
मी पाच वाजेपर्यंत आहे.