कोरडी टाकी

मेडिकलमधून रात्रपाळी करून आले
आणि दुधाची पिशवी सांडली म्हणून
ओजसवर ओरडले.
तो आवाज घरातला नव्हता,
चोवीस नंबर वॉर्डातला होता.

दुपारी कूलरवाले टेकाम आले.
मागची जाळी काढून वाळा चाचपला:
"मोटर नाही जळली ताई,
टाकीत पानीच नव्हतं.
रातभर कोरडी फिरली बिचारी.
आवाज बदलते तिचा. आयकू नाही आला काय?"

आला होता.
मार्चपासून येत होता.
मी पंखा वाढवत राहिले.

ते गेल्यावर पाइप सोडला टाकीत
आणि तिथेच बसले, ओल्या फरशीवर.
घसा दुखतोय. खांदे कानांपर्यंत चढलेत.
इन्चार्ज सिस्टरना सांगायचंय, आज रात्री नाही.

ओजस येऊन जरा अंतरावर बसला.
दोघं ऐकत राहिलो
पाणी कुठवर आलं ते.