तिसरा टेक

दगडू कासारे, वय एकोणऐंशी.
बुलबुल पिशवीत,
वर कोथिंबिरीची जुडी.
चेंबूरच्या दुसऱ्या मजल्यावर यायला
त्यांना एक अख्खी बिडी लागली.

एकसष्ट सालची तबकडी
चोर बाजारात मिळाली, कडेला तडा गेलेली.
माणूस मिळायला आणखी सहा वर्षं.
घाटल्याला एका सोसायटीच्या गेटवर
जावयाची रात्रपाळी भरत बसला होता.

आधी जुनं वाजवून दाखवलं.
डोळे मिटून ऐकलं. म्हणाले,
"कोण रे हा? हात बरा आहे.
पण घाई केवढी! पाठी लागलंय काय कुणी?"
मी नाव सांगितलं.
ते कोथिंबिरीची पिवळी पानं खुडत राहिले.

पहिल्या टेकला तार तुटली.
दुसऱ्यात वरून विमान गेलं.
तिसऱ्यात तो चार बोटांचा हात
(करंगळी गोदीत राहिली)
सुरापाशी यायचा, थांबायचा,
उधारी मागायला आलेला माणूस
चप्पल काढू की नको करत दारात थांबतो तसा.
मग सूरच आतून कडी काढायचा.

रात्री ते थांबणं मोजलं मी.
पावणेदोन सेकंद. एका जागी तीन.
कापायला घेतलं होतं,
राहू दिलं.

निघताना पाकीट दिलं, त्यांनी मोजलं,
पुन्हा मोजलं.
"आणि त्या पोराचे?"
कुठल्या?
त्यांनी तबकडीकडे हनुवटी केली.
"पंधरा ठरले होते.
कंपनीनं दिलेच नाहीत."