मागच्या नाताळची यादी

न्यूफाउंडलंडच्या या टोकाला
तीन दिवस बोट आलेली नाही.
वर्नाच्या दुकानात अंडी संपलीत,
क्रॅनबेरीच्या फळीवर नुसती किंमत उरलीय.

अँब्रोज हातमोजा दातांनी ओढून काढतो,
घडीवर फाटलेला कागद उलगडतो.
अक्षर विनिफ्रेडचं.
मैदा, लोणी, मनुका, काकवी,
आणि तळाशी: ‘ते नेहमीचं, थोडंसं.’

‘नेहमीचं म्हणजे?’
तो बघत राहतो.
एक्केचाळीस वर्षं केक खाल्ला,
विचारलं नाही कधी.

रांग सरकायची थांबते.
जायफळ, म्हणते टपालवाली डॉर्कस.
छे! लवंग. भिंतीला भिंत होती आमची,
वास यायचा ना.
संत्र्याची साल, वाळवलेली, तिसरं कुणीतरी.
पाद्रीबाबा खाकरतात,
हळूच म्हणतात, रम.
अख्खी रांग हसते.
तोही, जरा उशिरा.

वर्ना सगळ्याच्याच पुड्या बांधते,
चिमूट चिमूट.
उधारीची वही उघडते.
खातं अजून विनिफ्रेडच्या नावावर.
पेन्सिल क्षणभर अधांतरी.
मग त्याच नावाखाली लिहिते
मैदा, लोणी, मनुका, काकवी,
आणि पुढे: नेहमीचं.

दारातून तो मागे वळतो,
‘आणि अंडी?’
‘बोट आली की.’