टेकडीच हाये जी

अंदमानचं तिकीट रद्द केलं तेव्हा
पाण्यात पाहायचा चष्मा आधीच घरी येऊन पडला होता,
सोबत श्वासाची वाकडी नळी.
परत करायची मुदत संपलेली.
मी दोन्ही पाठपिशवीत कोंबलं
आणि पवनीच्या एसटीत बसले.

धरणाच्या फुगवट्यात एक हिरवा ठिपका दिसत होता.
दसरू नान्हेंनी डोंगा काठाला लावला.
"बेटावर सोडा," म्हटलं.
"बेट कायचं जी? टेकडीच हाये.
पानी वर आलं मून का नाव बदलते?"

तंबूच्या खुंट्या मुरमात शिरेनात.
दगडानं ठोकता ठोकता अंगठा निळा झाला,
आणि मोहाच्या खोडाला चिकटलेली घोरपड
नव्या भाडेकरूचं सामान मोजावं तशी पाहत राहिली.
संध्याकाळी पळत टेकडीला तीन फेऱ्या मारल्या.
एका फेरीला अकरा मिनिटं.
उगाच मोजली.
न मोजता हिंडले असते तर
आठवडाभर पुरली असती.

दुसऱ्या दिवशी वल्हं मागून घेतलं.
डोंगा आधी गोल फिरला, मग उलटा,
मग थेट बेशरमीच्या झाडोऱ्यात.
दसरूंचा नातू वंशपाल काठावर लोळून हसला.
"ताई, पान्याशी भांडू नोको.
त्याले पुढं जाऊ दे, मंग तू जाय."
दुपारपर्यंत तळहातांवर चार फोड,
आणि डोंगा माझं निम्मं ऐकायला लागला.

फुलवंताबाईंनी भात आणला, लाखोळीचं वरण,
झिंग्यांची चटणी पळसाच्या पानात.
"तथी समुद्रावर काय देते जेवाले?"
"मासेच."
"मंग?"
ह्या मंगला उत्तर सुचेना.
मी भातात बोट घालून आळं करत बसले.

तिसऱ्या दिवशी चष्मा लावून उतरले.
रंगीत मासे नाहीत, पोवळी नाहीत.
शेवाळी उजेड, तोही वीतभर,
पुढं आपलाच हात परक्याचा वाटतो.
तिसऱ्या बुडीला बोटांना लोखंड लागलं.
गार, बुळबुळीत, ओळखीचं वळण.
हापशीचा दांडा.
सवयीनं खाली दाबला.
हलला नाही.

वर येऊन सांगितलं.
दसरू जाळं सांधत होते, सुई थांबली.
"आमच्या मोहल्ल्याची होय ते.
मे महिन्यात कोरडी पडे.
दोनशे दांडे हाना, तवा गुंडभर."
मग ते हसले, खोकला येईपर्यंत हसले.
"आता पाय, किती पानी लागलं तिले!"

हसू संपल्यावर चष्मा मागितला.
नळी नको म्हणाले.
सदरा काढून घडी केली, वर चपला ठेवल्या,
आणि गेले.
मी आकडे मोजत होते. साठाच्या पुढं मोजणं सोडलं.
फुलवंताबाई तांदूळ निवडत होत्या,
त्यांनी मान वर केली नाही.
बाहेर आले तेव्हा ओठ जांभळे.
"दिसलं काही?"
"पानीच हाये."

रात्री शेकोटीपाशी, कुणी विचारलं नसताना,
काडीनं राख सारत म्हणाले,
"चूल डावीकडं होती."
बदकांचा एक थवा अंधारात कुठंतरी उतरला.
फुलवंताबाई म्हणाल्या, "उजवीकडं."
त्यावर दोघांचं बरंच चाललं.

शेवटच्या पहाटे आम्ही मोह वेचला.
वाकून वाकून कंबर धरली,
बोटं गोड झाली, चिकट झाली,
आणि टेकडीचा मालक असल्यागत
घोरपड पुन्हा हजर.
दसरूंनी मला वल्हवू दिलं. बेशरमीत नाही गेलो.

चष्मा वंशपालला दिला.
एसटी वळली तेव्हा
तो रस्त्यावर, कोरड्या फुफाट्यात उभा होता,
चष्मा लावून, गाल फुगवून,
एकटक माझ्याकडे पाहत,
मीच पाण्याखाली असल्यासारखा.