कलम आठ

खडकीच्या कारखान्यात एकतीस वर्षं
मी फ्यूज तपासले.
केसाएवढी चूक
मायक्रोमीटरच्या आधी बोटाला कळायची.

शेवटच्या वर्षी एक लॉट नापास केला.
लाल शाईत लिहिलं: स्प्रिंग ढिली.
तीन दिवसांनी तोच लॉट
हिरव्या शिक्क्यानं फाटकाबाहेर पडला,
कारण दिल्लीहून कोणी येणार होतं
आणि आकडा पुरा दिसायला हवा होता.
सालढाणा म्हणाला, तू आता पेन्शनचं बघ.

बघितलं.

मग सीमेवर ते झालं.
बोपोडीच्या चौकात होर्डिंग लागलं:
साहेब, लष्करी टोपीत, दोन मजले उंच,
खाली जवान, पोस्टाच्या तिकिटाएवढे.
पेढे वाटले. मीही खाल्ला.
गोड होता, खोटं कशाला बोलू.

रात्री झोप येईना. अर्ज केला:
त्या लॉटमधले किती फुटले,
किती नुसतेच पडले?

अडतिसाव्या दिवशी उत्तर आलं.
कलम आठ. देशाच्या सुरक्षेस बाधा येईल,
सबब माहिती देता येत नाही.

वा! काय कागद बसवलाय.
कुठेही ढिला नाही.

पण न फुटलेले गोळे पडले
ते शत्रूच्याच रानात. त्यानं मोजले असतील.
ज्यांनी डागले त्या पोरांनीही मोजले.
मग राहिलं कोण,
ज्याच्यापासून हे लपवायचं?

सालढाणाला फोन केला, अपील करतोय म्हटलं.
म्हणाला, म्हातारा झालास तू.
बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग म्हणाला,
साक्षीला माझं नाव घाल.