तुरळक ठिकाणी

पत्रक पाचला येतं.
मी ते वायरलेसचं बटण दाबून मोठ्यानं वाचते,
शिरपूरच्या वनखात्याच्या खोलीतून
बोराडीच्या वरच्या मनोऱ्यासाठी:
पुढचे पाच दिवस हवा कोरडी.
पारा पंचेचाळीस, क्वचित त्याहून वर.
वारे वायव्येचे, ताशी चाळीस ते पन्नास,
झोत साठपर्यंत.
उत्तर महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी वणव्याचा धोका.
ओव्हर.

खरखर होते. मग दित्या पावरा विचारतो,
"ताई, हाई तुरळक ठिकाण कोठे शे?"

पहिल्या दिवशी मी हसले.
दुसऱ्या दिवशी भिंतीवरचा नकाशा पाहिला.
बोराडीच्या वर सगळा हिरवा रंग,
छापखान्यात उरला असेल तेवढा ओतलेला.
अरुणावती निळी.
त्या निळ्यात सध्या भंगारवाल्यानं काटा मांडलाय
आणि सांजेला दोन गाढवं लोळतात.

दोन पावसाळे अर्धेच आले.
खाली पपईवाल्यांनी झाडांना जुन्या साड्या गुंडाळल्यात,
वारा सुटला की अख्खं शेत पदर सावरतं.
वर साग कधीच उघडा झाला.
दित्या म्हणतो, पानावर पाय पडला
की पलीकडच्या डोंगरावरचं रानडुक्कर थांबतं,
एवढा आवाज.

पत्रकात एक गोष्ट नसते:
मोहाचा हंगाम.
फुलं दिसावीत म्हणून बाया झाडाखालचा पाचोळा पेटवतात,
पेटवू नका सांगत दित्या दारोदार फिरतो,
आणि त्याची सासू बुधीबाई त्यालाच विचारते,
जावई, फुलं तुझ्या दुर्बिणीनं वेचू का?

मंगळवारी रात्री, वेळ नसताना,
वायरलेस बोलला.
"ताई, सापडनं."
काय?
"तुरळक ठिकाण."

पुढं ओव्हर म्हणायला तो विसरला,
बटण दाबलेलंच राहिलं,
म्हणून मला सगळं ऐकू आलं:
बांबू फुटत होते ते,
गुरांची दावी कापा, असं कुणी ओरडत होतं ते,
आणि आगीचा स्वतःचा आवाज,
जो मला आधी वारा वाटला
आणि नंतर घाट चढणारा ट्रक.
मीही माझं बटण दाबत होते.
दाबलेल्या बटणाला दाबलेलं बटण ऐकू येत नाही.

आग झोडपायला ओली फांदी लागते.
ओली फांदी नव्हती.
त्यांनी पोती भिजवली, प्यायच्या पाण्यात, दोन हंडे.
तिसरा हंडा बुधीबाईनं स्वतः आणला
आणि कुणाशी काही बोलली नाही.
जाळरेषेपाशी झोत फिरला म्हणून थांबलं,
आमच्यामुळं नाही, असं दित्यानं नंतर सांगितलं.
अहवालात मी तसंच लिहिलं. साहेबांनी ते खोडलं.

रजिस्टरात 'ठिकाण' म्हणून एक रकाना असतो,
बोटभर रुंद.
मी लिहिलं: बुधीबाईचा मोह, त्याखालचा नाला,
नाल्यापलीकडचे एकोणीस एकर, तीन गोठे,
आणि अक्षरं शेजारच्या 'कारण' या रकान्यात गेली.

आज पाचला पुन्हा पत्रक.
पंचेचाळीस. वायव्य. साठपर्यंत. तुरळक ठिकाणी.
वाचलं. ओव्हर.
बराच वेळ नुसती खरखर.
"पानी?"
पत्रकात नाही.
"तुमनाकडे वारा कथाईन शे, आते?"

टेबलावर कागद दाबायला एक गोटा आहे,
दित्यानंच दिलेला, त्यांच्या नाल्यातला, गुळगुळीत.
तो मी उचलला,
कागद कुठल्या भिंतीकडे जातो ते पाहिलं
आणि त्याला तेवढंच सांगितलं.